ट्रकमधला सीबी रेडिओ दर पावसाळ्यात का बसतो, आणि सेट बदलूनही का सुटत नाही

हा प्रॉब्लेम इतक्या जणांना येतोय की एकदा सगळं नीट लिहूनच टाकतो. नवा सीबी, म्हणजे गाडी-गाडीत थेट बोलायचा सिटिझन बँड वायरलेस सेट, बसवला, उन्हाळाभर झकास चालला, मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि तिथून आवाज बसायला लागला. आधी चार-पाच किलोमीटरवरची आपली गाडी ऐकू यायची, ती आता घोटी टोलला पुढच्या लेनमध्ये उभी असेल तरच येते, मधूनच नुसती खरखर, मधूनच शिट्टी. वायरमनकडे नेलं की तो मागचा कनेक्टर हलवून घट्ट करतो, दोन दिवस बरं चालतं, परत तेच. शेवटी शेठ वैतागून म्हणतो हा सेटच फालतू आहे, दुसरा आणा. दुसरा आणला, तोही पुढच्या पावसाळ्यात तसाच. पैसे गेले आणि दुखणं जागच्या जागी.

माझं म्हणणं सरळ आहे, अशा वेळी सेट बदलायची घाई करू नका. बिघाड बहुतेक वेळा सेटच्या बाहेर असतो, करंट येतो तिथे, अर्थ (अर्थिंग) मिळतो तिथे, नाहीतर अँटेनाच्या केबलमध्ये. आणि हे तिन्ही आपलं आपल्याला तपासता येतं, एक साधा मल्टिमीटर आणि एक एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) एवढ्या सामानावर.

आता कोणी म्हणेल मोबाईल असताना हे कशाला. खरं आहे, अमेरिकेत जसं चॅनेल १९ लावून अनोळखी ड्रायव्हर एकमेकांना रस्त्याची खबर देतात तसं आपल्याकडे नाही, मुंबई-आग्रा हायवेवर सेट चालू करून बसलात तर बोलायला कोणी भेटणार नाही. आपल्याकडे उपयोग आहे तो ताफ्यात. नाशिकच्या अंबड-सातपूरहून ट्रान्सफॉर्मर नाहीतर मोठं मशीन घेऊन निघालेला ट्रेलर आणि त्याच्या पुढची पायलट जीप, किंवा द्राक्षाच्या सीझनला पिंपळगाव-निफाडकडून एकामागे एक न्हावाशेवाला निघालेले रिफर, म्हणजे थंडगार, कंटेनर. कसारा घाट उतरताना धुकं असतं, मोबाईलला रेंज येते-जाते, आणि पुढच्याला मागच्याला एवढंच सांगायचं असतं की वळणावर गाडी बंद पडलीय, थांब. नंबर शोधून, रिंग जाऊन, उचलेपर्यंत वेळ नसतो. बटण दाबलं की बोललं, ताफ्यातल्या सगळ्यांनी एकदम ऐकलं. हा निरोप वेळेवर गेलाच पाहिजे, म्हणून या सेटचा आवाज बसलेला चालत नाही.

आधी दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी उरकून घ्या. बऱ्याच सेटवर सीबी आणि पीए असं बटण असतं, ते पीएवर गेलं असेल तर आवाज हवेत जातच नाही, तो बाहेरच्या भोंग्यासाठी असतो, आणि भोंगा लावलेला नसला की काही कळतच नाही काय झालं ते. आरएफ गेन, म्हणजे किती कमजोर आवाज पकडायचा ते ठरवणारं बटण, पूर्ण उजवीकडे पाहिजे, डॅशबोर्ड पुसताना क्लिनरच्या फडक्याने तो फिरतो आणि सेट बहिरा झाल्यासारखा वागतो. स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबणाऱ्या बटणाचं, मात्र बेतानं घ्या, खरखर जेमतेम थांबेल तिथपर्यंतच फिरवा, त्याच्या पुढे नेला की लांबची कमजोर गाडी खरखरीबरोबर गाळली जाते. माइकची वायर जिथे माइकमध्ये शिरते तिथे आतून तुटते, बटण दाबून ती वायर हलवून बघा, समोरच्याला तुटक तुटक ऐकू जात असेल तर तेच आहे. आणि दुसऱ्या कंपनीचा माइक आणून लावू नका, चार पिनचा प्लग बसतो व्यवस्थित पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यात चांगले वायरमन फसतात. हल्ली बरेच सेट असे येतात की त्यात देश निवडता येतो. भारतात २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंत बिनपरवाना वापरता येतो, म्हणजे नेहमीच्या ४० चॅनेलपैकी पहिले २७ आपले, चॅनेल १ म्हणजे २६.९६५ आणि चॅनेल २७ म्हणजे २७.२७५. चॅनेल २८ लागलाच की पट्ट्याच्या बाहेर गेलात. गाडीची बॅटरी काढली, किंवा कोणी बटणं दाबून रीसेट केलं, की कधी कधी देशाचं सेटिंग बदलून बसतं. पोलंडच्या सेटिंगला प्रत्येक चॅनेल ५ किलोहर्ट्झ खाली असतो, मग आवाज येतो पण दबका आणि फाटका. ब्रिटनच्या जुन्या सेटिंगला तर चॅनेलच २७.६ च्या वर सुरू होतात, दोन्ही गाड्यांच्या डिस्प्लेवर १४ दिसतंय आणि एकमेकांना शून्य ऐकू येतंय. तसंच एएम आणि एफएमचं, एक गाडी एएमवर आणि दुसरी एफएमवर असेल तर काहीतरी गुरगुर ऐकू येते, शब्द कळत नाही. ताफ्यातले सगळे सेट शेजारी शेजारी ठेवून एकदा देश, मोड आणि चॅनेल सारखे करून घ्या. एफएमवर गाडीची खरखर कमी ऐकू येते, त्यामुळे सगळ्यांच्या सेटला एफएम असेल तर माझ्या मते तेच लावा.

हे सगळं बरोबर असूनही त्रास आहे, तर करंटकडे वळा.

आपले मोठे ट्रक २४ व्होल्टचे, टाटा असो, लेलँड असो, आयशर असो की भारतबेंझ, आणि गाडी चालू असताना २७-२८ व्होल्ट सहज दिसतात. सीबीचा सेट साधारण १२ व्होल्टचा, काही मोजके सेट १२ आणि २४ दोन्हीवर चालणारे येतात पण ते मागच्या स्टिकरवर स्पष्ट लिहिलेलं असतं, अंदाजाने लावायचं नाही. केबिनमधलं लायटरचं सॉकेटसुद्धा बहुतेक ट्रकमध्ये २४ चं असतं हे लक्षात ठेवा, पायलट जीपमधला सेट काढून तसाच ट्रकच्या लायटरमध्ये खोचला की संपला.

मग लोक काय करतात, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात ना, त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढतात. चालतो सेट, आणि स्वस्तातलं काम वाटतं. पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकच करंट देतो आणि तुम्ही ओढताय फक्त एकीतून, म्हणजे ती कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, काही महिन्यांत जोडीच बाद. त्याहून वाईट म्हणजे कोणी चुकून वरच्या बॅटरीवरून काढलं तर. वरच्या बॅटरीचा मायनस म्हणजे बॉडीपेक्षा १२ व्होल्ट वर. सेटचं पत्रं मायनसला जोडलेलं, सेटच्या पत्र्याला अँटेना केबलची जाळी जोडलेली, आणि ती जाळी ब्रॅकेटवर गाडीच्या बॉडीला टेकलेली. म्हणजे खालची अख्खी बॅटरी त्या बारीक केबलच्या जाळीतून शॉर्ट. केबलचं काळं आवरण वितळून आतलं पांढरं प्लास्टिक बाहेर आलेलं दिसलं की समजायचं हाच प्रकार झालाय, आणि केबिनमध्ये गादीखालून गेलेली केबल अशी तापली तर आग लागते, हे गंमतीत घेऊ नका.

त्यामुळे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच लावा. ४ वॉटचा सेट बोलताना दीड-दोन अँपिअर ओढतो, ५ अँपिअरचा कन्व्हर्टर भरपूर झाला, पण अगदी स्वस्तातला हलका डबा घेऊ नका, त्यातून स्वतःचीच खरखर निघते, त्याबद्दल पुढे सांगतो. कन्व्हर्टरला येणारी प्लस वायर बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीच्या जवळच फ्यूज लावा, लांब केबिनमध्ये लावलेला फ्यूज मधल्या वायरचं रक्षण करत नाही. मग तपासणी अशी. सेटच्या मागच्या प्लगवर मल्टिमीटर लावायचा, १३ ते १३.८ च्या आसपास आकडा पाहिजे, आता माइकचं बटण दाबून परत बघायचा. दाबल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खाली गेला तर वायर बारीक आहे, थिंबल नीट दाबलेलं नाही किंवा फ्यूज होल्डर आतून गंजलाय. बोलताना डिस्प्ले मंद होणं किंवा सेट बंद पडून चालू होणं हेही त्याचंच लक्षण.

करंट ठीक निघाला तर अर्थ बघा, आणि हे नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त गाड्या अडकतात.

सीबीची लाट जवळपास ११ मीटर लांबीची, तिच्या पाव भागाची अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. एवढी छडी कोणी केबिनवर लावत नाही, आपण लावतो चार-पाच फुटाची, तारेचं वेटोळं घालून आखूड केलेली. आणि ही छडी म्हणजे अर्धीच अँटेना आहे, उरलेली अर्धी म्हणजे केबिनचं पत्रं. छडीच्या बुडाला पत्र्याशी चांगला संबंध नसेल तर कितीही महाग अँटेना लावा, ती अर्धीच आहे. आता आरशाच्या दांड्यावर ब्रॅकेट लावतात, तो दांडा पावडर कोटिंगचा, बसलाय फायबरच्या पॅनलवर, केबिन आहे रबराच्या बुशवर आणि पुढे उलटणारी, तर या सगळ्यात अर्थ कुठून येणार. उन्हाळ्यात बोल्टच्या आट्यांतून कसाबसा मिळत असतो, पावसात तिथे गंज धरला की तोही जातो. म्हणून दर पावसाळ्यात तेच.

ब्रॅकेट सोडवा, जिथे टेकतं तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रं काढा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा म्हणजे परत गंज धरणार नाही. मग ब्रॅकेटपासून केबिनच्या पत्र्याला एक जाळीची चपटी अर्थ पट्टी द्या, आणि केबिनपासून चॅसिसला दुसरी. पट्टी आखूड आणि रुंद पाहिजे, दोन मीटरची गोल वायर फिरवून आणलेली चालत नाही, मल्टिमीटरला ती चालते, शून्य ओहम दाखवतो तो, पण २७ मेगाहर्ट्झला ती वायर म्हणजे अडथळाच. हे एवढं केल्यावर ज्यांचा आवाज परत आला असे मी इतके बघितलेत की नवीन अँटेना घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला आधी पॉलिश पेपर हातात घ्यायला सांगतो.

इथेच अजून एक तपासणी उरका. ब्रॅकेटमध्ये स्टडच्या, म्हणजे छडी बसते त्या बोल्टच्या, खाली नायलॉनचा वॉशर असतो, त्याला कॉलर असते, ती कॉलर भोकात बसली पाहिजे. वॉशर उलटा बसला किंवा चेपला गेला की स्टड ब्रॅकेटला टेकतो आणि सगळा पॉवर तिथेच शॉर्ट. केबल सेटमधून काढा, छडी काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरची कड यांच्यात बीप वाजायला नको. छडी लावून वाजत असेल तर घाबरू नका, काही अँटेनांच्या बुडाशी वेटोळं असतं आणि ते मुद्दाम अर्थला जोडलेलं असतं, तिथे बीप येणारच, माहितीपत्रकात बघून घ्या. मधली पिन ते स्टड वाजलं पाहिजे, बाहेरची कड ते ब्रॅकेट वाजलं पाहिजे, ब्रॅकेट ते चॅसिस वाजलं पाहिजे.

आणि आता पाणी, म्हणजे खरा चोर.

अँटेनाच्या बुडाशी जो कनेक्टर असतो तो आपण पीएल २५९ म्हणतो, तो वॉटरप्रूफ नसतो, त्याच्या आट्यांतून पाणी आत जातं. इगतपुरी ते कसारा या पट्ट्यात पावसाळ्यात दिवसदिवस पाऊस थांबत नाही, वरून पाणी आणि समोरच्या गाडीच्या चाकाचा चिखलाचा फवारा, त्यात ते कनेक्टर उघडं. पाणी एकदा जाळीत शिरलं की ती जाळी वातीसारखं ते ओढत नेते, फूटभर, दोन फूट. ऑक्टोबरात ऊन पडल्यावर सेट थोडा सुधारतो आणि सगळ्यांना वाटतं झालं बरं, पण आतलं तांबं काळं पडलेलं असतं आणि पुढच्या जूनला तोच आजार जोरात परत येतो.

ओळखायचं कसं तर कनेक्टर काढून केबलचं वरचं आवरण ब्लेडने दोन इंच चिरा. जाळी नव्या तांब्यासारखी लालसर चमकत असेल तर केबल चांगली. काळपट असेल, हिरवट भुकटी असेल, बोटाला ओल लागली तर केबल गेली. असंच मागे मागे कापत जा, फूटभर कापूनही काळीच निघाली तर ती केबल फेका आणि नवीन टाका, सोल्डर काळ्या जाळीला धरत नाही, वरवर चिकटतो आणि रस्त्याच्या हादऱ्याने सुटतो. वायरमन कनेक्टर हलवतो तेव्हा दोन दिवस बरं का चालतं ते इथे कळतं, काळ्या तांब्यावरचा थर तेवढ्यापुरता खरवडला जातो.

नवी केबल ५० ओहमचीच घ्या, आरजी ५८ चालेल, जरा जाड आरजी ८एक्स मिळाली तर अजून बरी. टीव्हीच्या डिशची केबल ७५ ओहमची असते, दिसायला तशीच, दुकानदार देतोही, घेऊ नका. कनेक्टर लावल्यावर आधी रबराची सेल्फ फ्युझिंग टेप ताणून गुंडाळा, गुंडाळताना खालून वर जायचं, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी कौलावरून उतरावं तसं बाहेरच्या बाहेर उतरतं. त्याच्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. एमसील तर अजिबात नको, परत उघडायची वेळ आली की कनेक्टर फोडावाच लागतो. केबल केबिनमध्ये शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाला येऊन गळून पडेल, केबलवरून चालत सेटपर्यंत येणार नाही.

केबल जाते कुठून हेही बघा. दाराच्या बिजागरीजवळून घेतली असेल तर प्रत्येक वेळी दार लावताना ती चेपली जाते, वरून आवरण ठीक दिसतं आणि आत मधली तार सरकून जाळीला टेकते, मग दार उघडं असताना सेट चालतो आणि बंद केलं की बसतो. अँटेना केबिनवर असेल तर केबल पूर्ण केबिनच्या अंगानेच न्या, केबिन उलटते त्या सांध्यावरून चॅसिसवर उतरवून परत वर आणू नका. जास्तीची केबल घट्ट गुंडाळी करून सीटखाली कोंबू नका, सैल मोठा आठ करून ठेवा.

एवढं झालं की एसडब्ल्यूआर मीटर लावायचा, त्याआधी नाही. मीटर सेट आणि अँटेना केबलच्या मध्ये लागतो, सेटकडून मीटरपर्यंत एक आखूड केबल. जागा महत्त्वाची, आडगावच्या ट्रक टर्मिनलमध्ये दोन कंटेनरच्या मध्ये उभं राहून किंवा पत्र्याच्या शेडखाली मोजाल तर आकडा खोटा येणार, गाडी मोकळ्या मैदानात घ्या, दारं लावा, अँटेनाजवळ माणूस उभा नको. चॅनेल १, १४ आणि २७ वर मोजा. बटण दाबून आधी मीटरचा काटा त्यावरच्या ‘SET’ या खुणेवर आणायचा, मग स्विच रिफ्लेक्टवर टाकून वाचायचं, प्रत्येक वेळी थोडकंच दाबायचं.

१.५ च्या आत आलं तर उत्तम, तिथे जेमतेम ४ टक्के पॉवर परत येते. २ ला ११ टक्के, चालवता येतं पण बरं नाही. ३ ला चौथाई पॉवर परत सेटमध्ये येते, तिथे बोलूच नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर त्यानेच जळतो. तिन्ही चॅनेलवर ३ च्या वर असेल तर छडी कापायला घेऊ नका, ते अर्थ नाहीतर शॉर्टचं काम आहे, मागे जा. चॅनेल १ वर जास्त आणि २७ वर कमी असेल तर छडी आखूड आहे, थोडी बाहेर काढा, उलट असेल तर लांब आहे, आत सारा. फायबरच्या छडीला टोकाच्या रबरी टोपीखाली स्क्रू असतो, स्टीलच्या छडीला बुडाशी ॲलन कीचा स्क्रू, दोन-तीन मिलिमीटर करत करत जायचं. कंटेनरची बॉडी केबिनच्या मागे उंच असेल तर छडीचा निदान वरचा तिसरा हिस्सा केबिनच्या टपाच्या वर मोकळा राहील अशी जागा निवडा, आणि ज्यांचं वेटोळं वरच्या बाजूला आहे तशी छडी अशा गाडीला जास्त मानवते.

आवाज जातोय, येतोय, पण खरखर आहे, हा वेगळा आजार. अँटेनाची केबल सेटमागून काढा. खरखर गेली तर ती हवेतून अँटेनात येतेय, तशीच राहिली तर करंटच्या वायरमधून येतेय. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो त्यामुळे ते सोडून द्या. ॲक्सिलेटर दिला की शिट्टीचा सूर चढतो, सोडला की उतरतो, हा अल्टरनेटर, त्याला करंटची वायर थेट बॅटरीवरून घेणं आणि अर्थ नीट करणं हाच इलाज, राहिलीच तर वायरवर फिल्टर. सूर बदलत नाही, नुसती एकसारखी सूं सूं आहे, तर स्वस्त कन्व्हर्टर, बाहेरून लावलेले एलईडी दिवे, डॅशकॅमचा चार्जर किंवा जीपीएस ट्रॅकर, यातलं कोणीतरी आहे. गाडी बंद, सेट चालू, आणि एकेक फ्यूज काढत जा, ज्याला शांत होईल तो सापडला. त्याच्या वायरवर फेराइटची क्लिप बसवा, वायर दोन-तीन वेढे आतून फिरवून, आणि अँटेनाची केबल त्या वायरिंगपासून लांब करा. मोबाईलचा चार्जर असेल तर बदलूनच टाका.

काही तक्रारी बिघाडाच्या नसतात. दुपारच्या वेळी अचानक परक्या भाषेतले आवाज घुसतात आणि आपली दोन किलोमीटरवरची गाडी दबते, ते आकाशातून परावर्तन होऊन हजारो किलोमीटरवरून येतात, सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा जोर २०२४ च्या सुमारास शिगेला होता म्हणून गेल्या काही वर्षांत ते जास्त ऐकू आलं. चॅनेल बदला, स्क्वेल्च थोडा चढवा, सेट उघडू नका. समृद्धीवर इगतपुरीजवळच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यात आतल्या गाडीचा बाहेरच्या गाडीशी संपर्क तुटणारच. घाटात डोंगराच्या पलीकडच्या वळणावरही तेच. आणि याच्यावर उपाय म्हणून कोणी बूस्टर विकायला आला तर त्याला परत पाठवा, ५ वॉटच्या वर गेलात की बिनपरवान्याची सूट संपली, शिवाय समोरच्याचा आवाज त्याने वाढत नाही, तुमचाच वाढतो. टँकरवाल्यांनी मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत भरायला लागताना सेट बंद करूनच आत जायचं, स्टँडबायवरही नको.

हे सगळं करूनही सेट मुका असेल तर मग खरंच सेट गेला, तेव्हा नवीन घ्या. बघायचं एवढंच, २४ व्होल्टवर थेट चालतो का, म्हणजे कन्व्हर्टरची भानगडच नको, देशाच्या यादीत भारत आहे का, एफएम आहे का, नॉइज ब्लँकर (गाडीची खरखर गाळणारा) आणि ऑटो स्क्वेल्च आहे का. डिस्प्लेचे रंग आणि भोंग्याचे वेगवेगळे आवाज यावर पैसे घालू नका, ते पैसे केबल आणि अँटेनावर घाला. ऑनलाइन सीबीच्या नावाखाली व्हीएचएफ-यूएचएफचे वॉकी-टॉकी दाखवतात, दिसायला भारी आणि किमतीला कमी, पण त्यातले बरेच परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना यावरूनच नोटिसा काढल्या होत्या. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची उपकरण मंजुरी, ज्याला ईटीए म्हणतात, ती त्या मॉडेलला आहे का हे विक्रेत्याला विचारा, कागद मागा, आणि दुकानातच ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा खोटा भार, लावून बटण दाबून दाखवायला सांगा, अँटेना किंवा डमी लोड न लावता कधीच नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या आणि त्या बिलाची एक झेरॉक्स आरसी-इन्शुरन्सच्या फाइलमध्ये गाडीतच ठेवा, नाक्यावर कोणी सेटबद्दल विचारलं तर ड्रायव्हरला शेठला फोन लावत बसायला नको.